जुन्या मोटारीचे धक्के कोण सोसतो?

तुमच्या गावात किंवा शेजारच्या गल्लीत एखादी जुनी मोटार अजून धावत असेल. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली पद्मिनी, २०१४ साली उत्पादन थांबलेली ॲम्बॅसडर, १९८३ च्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आलेली मारुती ८००, नाहीतर बाजाराच्या दिवशी माणसांनी खच्चून भरलेली महिंद्रची जीप. इंजिन ठणठणीत असते, रंगही बरा असतो. पण खड्डा आला की खालून 'खडखड' आवाज येतो आणि मोटार होडीसारखी डोलत राहते. मालक म्हणतो, "जुनी झाली, चालायचंच!" परंतु असे म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. ते का, हे आज आपण पाहू. मोटारीचे धक्के सोसणारे भाग कसे काम करतात, ते झिजले हे कसे ओळखावे, आणि त्यांतले कोणते घरच्या अंगणात बदलता येतात, याचाही विचार करू.

काळी माती आणि लाटांचा रस्ता

यवतमाळ जिल्ह्यातील माणसाला रस्त्याच्या धक्क्यांचे कारण पायाखालीच सापडते. येथील बहुतेक जमीन कापसाची काळी जमीन आहे. लाव्हारसाच्या थिजण्याने झालेला बेसाल्ट खडक हजारो वर्षे झिजून ही माती बनली. तिच्यातील चिकणमातीचे कण अत्यंत पातळ पापुद्र्यांचे असतात. पावसाळ्यात या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

अशा मातीवर रस्ता बांधला तर काय होईल? रस्त्याच्या कडा लवकर भिजतात व लवकर वाळतात, मधला भाग उशिरा. एके ठिकाणी जमीन वर उचलली जाते, दुसरीकडे खचते. पाया पुरेसा भक्कम नसेल तर काही वर्षांत डांबरी रस्त्यावर लांबट लाटा उठतात. वणी भागात कोळशाचे जड ट्रक या लाटा आणखी खोल करतात. नागपूरहून वडकी, करंजी, पांढरकवडा या मार्गाने हैदराबादकडे जाणारा हमरस्ता (पूर्वीचा क्रमांक ७, आताचा ४४) रुंद झाला आहे. पण तो सोडून आतल्या गावाकडे वळलात की या लाटा भेटल्याच म्हणून समजा.

पाट्यांचे साधे गणित

बैलबंडीला स्प्रिंग नसते. आस सरळ साटीखाली बसवलेली असते, म्हणून चाकाला बसलेला प्रत्येक धक्का थेट आपल्या पाठीला बसतो. मोटारीत चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये पोलादी स्प्रिंग असते. इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट याने १८०४ साली घोडागाडीसाठी पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. त्याच जातीचे पाटे आजही जीप, ट्रक आणि एस.टी.च्या अनेक गाड्यांखाली दिसतात. पद्मिनीला पुढे वेटोळ्याच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे असतात.

रॉबर्ट हूक याचा नियम तुम्ही शिकला असाल. स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत स्प्रिंग किती दबेल हे तिच्यावरील भाराच्या प्रमाणात ठरते. हा नियम त्याने १६७८ साली प्रसिद्ध केला. त्यातून एक मजेदार गोष्ट निघते. मोटारीच्या वजनाने स्प्रिंग जेवढी दबते तेवढे एकच माप माहीत असले, तर मोटार एका सेकंदात किती वेळा खालीवर होईल हे काढता येते. वजन वेगळे माहीत असण्याची गरज नाही.

समजा, मोटारीच्या वजनाने स्प्रिंग १६ सेंटिमीटर, म्हणजे ०.१६ मीटर दबली आहे. गुरुत्व त्वरण ९.८ घ्या. ९.८ ला ०.१६ ने भागा, भागाकाराचे वर्गमूळ काढा आणि त्याला ६.२८ ने (म्हणजे २ गुणिले पाय ने) भागा. उत्तर सुमारे १.२५ येईल. ही मोटार मोकळी सोडली तर सेकंदाला सव्वा वेळा खालीवर होईल. ही तिची स्वाभाविक वारंवारता.

आता रस्त्याच्या लाटांकडे वळू. समजा, एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंत १० मीटर अंतर आहे. मोटारीला सेकंदाला १.२५ उंचवटे लागायचे असतील तर तिने सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर वेगाने जायला हवे. नेमक्या याच वेगाला रस्त्याचा ठेका आणि मोटारीचा ठेका जुळतो. झोपाळ्याला योग्य क्षणी हलका धक्का देत राहिले की झोका उंच उंच जातो, तसेच इथे घडते. याला अनुस्पंदन म्हणतात. म्हणूनच एखाद्या रस्त्यावर तीसने बरे वाटते, पंचेचाळीसला मोटार नाचू लागते, आणि चालकाला त्याचे कारण कळत नाही.

नाचण्याला लगाम

हे नाचणे थांबवणारा भाग वेगळा असतो. त्याचे नाव शॉक ॲब्सॉर्बर. गॅरेजात सगळे त्याला 'शॉकप' म्हणतात. स्प्रिंग धक्का झेलते. शॉकप त्या धक्क्याची ऊर्जा संपवतो. त्याच्या नळकांड्यात तेल असते आणि तेलात बारीक छिद्रांचा दट्ट्या असतो. चाक खालीवर झाले की दट्ट्या सरकतो आणि तेल छिद्रांतून जबरीने वाहते. रंगपंचमीची पिचकारी आठवा. हळू दाबली तर सहज दबते, जोरात दाबली तर हाताला विरोध जाणवतो. शॉकपचेही तसेच आहे. हालचाल जितकी वेगवान, तितका विरोध जास्त.

मग धक्क्याची ऊर्जा जाते कुठे? ती नष्ट होत नाही, तिची उष्णता होते. खराब रस्त्यावरून दहावीस किलोमीटर येऊन थांबल्यावर चारही शॉकपांना जपून हात लावून पाहा. तीन कोमट आणि एक गार लागला, तर त्या गार शॉकपने काम केलेले नाही असा संशय घ्यायला हरकत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम असा अंगणातसुद्धा उपयोगी पडतो!

शॉकप गेला तर नुसती पाठच दुखते का? नाही. ब्रेक दाबल्यावर मोटार थांबवणारे बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचे असते. टायर रस्त्यावर जेवढ्या जोराने टेकलेला असेल तेवढे हे घर्षण मोठे. चाक उडू लागले की क्षणभर टायर जेमतेम टेकलेला असतो आणि त्या क्षणी ब्रेक नावापुरताच राहतो. मोटारीला थांबायला जास्त अंतर लागते. वळणावर ती बाहेरच्या बाजूला सरकते. समोर कापसाने भरलेली बंडी किंवा शाळेतून परतणारी मुले असतील, तर त्या थोड्याशा जास्तीच्या अंतराला काय किंमत पडेल ते सांगायला नको.

झीज कशी ओळखाल?

पुढील तपासण्या तुम्ही मोठ्यांच्या सोबतीने करू शकता. मोटार सपाट जागी आणि बंद असावी.

१. मोटारीचा एक कोपरा दोन्ही हातांनी तीनचार वेळा दाबून हलवा आणि तो खाली असताना सोडून द्या. तो वर येऊन, थोडा खाली जाऊन स्थिर व्हावा. पुनःपुन्हा झुलत राहिला तर शॉकप थकला आहे. जिपेच्या बाबतीत मात्र फसू नका. पाट्यांच्या आपसातील घर्षणानेही झुलणे थांबते, म्हणून शॉकप बाद असूनही जीप या परीक्षेत पास होऊ शकते.

२. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. डावी आणि उजवी बाजू ताडून पाहा. लक्षात येण्याजोगा फरक असेल तर स्प्रिंग बसली आहे किंवा पाटा तुटला आहे.

३. शॉकपच्या अंगावर तेलकट ओल आणि तिच्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर आतले तेल बाहेर येत आहे.

४. टायरवरून तळहात फिरवा. ठराविक अंतराने खोलगट चट्टे लागले, तर चाक उड्या मारत चालले आहे.

५. जिथे जिथे पाटा किंवा शॉकप सांगाड्याला जोडलेला असतो, तिथे रबरी बुश असते. ऊन, धूळ आणि तेल यांनी रबर कडक होऊन चिरते. मग पोलाद पोलादावर आदळते आणि तो 'खडखड' आवाज येतो. पुष्कळदा सगळा दोष एका स्वस्त बुशाचा निघतो.

घरी काय बदलता येते?

पद्मिनीचे किंवा जिपेचे मागचे शॉकप बदलणे हे अनुभवी माणसाला घरी जमणारे काम आहे. येथे शॉकप आणि पाटा हे दोन स्वतंत्र भाग असतात. शॉकप काढला तरी पाटा आपल्या जागी बांधलेला राहतो. तुम्ही मदतनीस व्हा. पाना हातात घेण्याचा अधिकार मोठ्या माणसाचा.

आदल्या दिवशी गंजलेल्या नटांवर तेल सोडून ठेवावे. मोटार कडक, सपाट जमिनीवर उभी करावी. मऊ काळ्या मातीत जॅक रुततो आणि कलंडतो. हातब्रेक ओढून, गिअर टाकून, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. जॅकने मोटार उचलली की सांगाड्याखाली भक्कम लोखंडी स्टँड लावावेत आणि भार त्यांच्यावर सोडावा. तेलाचा जॅक पास्कलच्या नियमावर चालतो, पण आतले एक जुने रबर फाटले की नियमासकट खाली येतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या मोटारीखाली हातसुद्धा घालू नये, आणि रचलेल्या विटांवर कधीच विसंबू नये.

आता जॅक आसेखाली घेऊन तिला हलका आधार द्यावा, म्हणजे शॉकप सुटताच ती लोंबकळणार नाही. खालचा आणि वरचा नट काढावा. वायसर आणि बुश कोणत्या क्रमाने निघाले ते कागदावर लिहून ठेवणे हे तुमचे काम! नवा शॉकप उभा धरून पाचसहा वेळा पूर्ण ओढून दाबावा, म्हणजे साठवणीत आडवा राहिल्याने दट्ट्याखाली शिरलेली हवा निघून जाते. मग उलट क्रमाने जोडणी करावी. एका आसेवरचे दोन्ही शॉकप एकाच वेळी बदलावेत, नाहीतर एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल अशी मोटार वळणावर तिरपी वागते.

पाट्याच्या रबरी बुशांचे बोल्ट आवळताना एक पथ्य आहे. चाक अधांतरी असताना ते फक्त हलके आवळावेत; पूर्ण आवळणे मोटार चाकांवर उभी राहिल्यावर करावे. लोंबत्या स्थितीत आवळले तर मोटार खाली येताच रबर पिळले जाते, पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. नट किती आवळावेत हे मोटारीच्या पुस्तिकेत दिलेले असते. थोडे दिवस मोटार चालवल्यावर ते पुन्हा तपासावेत.

येथे थांबा!

मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना स्प्रिंग आणि शॉकप एकात एक गुंफलेले असतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना पुढे आणली. तिच्यातील स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि माथ्यावरच्या एका नटाने रोखून धरलेली असते. समजा, ती १५ सेंटिमीटर दबली आहे आणि दर मिलिमीटरला २० न्यूटन एवढे बल लागते. हिशेब केला तर साठलेली स्थितिज ऊर्जा २२५ ज्यूल निघते. सातव्या मजल्यावरून पडलेला एक किलोचा दगड जमिनीवर आपटताना जवळजवळ एवढीच ऊर्जा घेऊन येतो. स्प्रिंग आवळून धरणाऱ्या खास साधनाशिवाय तो नट काढणे म्हणजे दगडाखाली उभे राहणे होय. हे काम गॅरेजचेच. पद्मिनीच्या पुढच्या स्प्रिंगांनाही हेच लागू आहे.

दुसरा मोह म्हणजे बसलेला पाटा भट्टीत लाल करून पुन्हा वाकवून घेणे. स्प्रिंगचे पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, एकदम थंड करून आणि पुन्हा बेताने तापवून चिवट केलेले असते. साध्या भट्टीत ते लाल केले की ही सारी मेहनत वाया जाते. पाटा कमानीत आलेला दिसतो, पण थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो किंवा तुटतो.

तुम्ही करून पाहा

पाटे एकावर एक सुटे का ठेवतात? एकच जाड पट्टी का नाही? लोखंड कापायच्या करवतीची दोन सारखी पाती घ्या. एक पाते टेबलाच्या कडेला पक्के आवळून त्याच्या मोकळ्या टोकाला छोटे वजन टांगा आणि ते किती वाकते ते मोजा. मग दोन्ही पाती एकावर एक ठेवून तेच वजन टांगा. वाकणे निम्मे होईल. पण दोन पात्यांएवढी जाड अशी एकच पट्टी असती, तर वाकणे एक-अष्टमांश झाले असते, कारण पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पाती फार वाकवू नका, ती तुटून उडतात. हा प्रयोग शिक्षकांसमोर करावा.

आता एक प्रश्न. जिपेचे पाटे गंजून एकमेकांना घट्ट धरू लागले, तर ती मऊ चालेल की कडक? प्रयोगाची वही समोर ठेवून उत्तर लिहा. मग एखाद्या जुन्या जिपेखाली डोकावून पाहा, आणि पाट्यांमध्ये गंज दिसला तर मालकाला तुमचे उत्तर कारणासह सांगा.