रत्नागिरी कोकणात, मग ‘वाडी रत्नागिरी’ कोल्हापुरात कशी?

मॅपवर ‘रत्नागिरी’ टाकलं की बाण थेट कोकणात, समुद्रावर जातो. पण घाटाच्या अलीकडे, कोल्हापूरपासून अठरा-वीस किलोमीटरवर आणखी एक रत्नागिरी आहे. पन्हाळा तालुक्यातलं वाडी रत्नागिरी. हे नाव ऐकलं नसेल, पण ‘जोतिबाचा डोंगर’ म्हटलं की लगेच कळेल.

जोतिबाने रत्नासुराला इथे मारलं, म्हणून हा रत्नागिरी, अशी कथा. देव हिमालयातल्या केदारनाथाचं रूप मानला जातो. तो परत निघाला तेव्हा त्याला थांबवायला अंबाबाई कोल्हापुरातून चालत आली, असंही सांगतात. माघातल्या रविवारी लोक कोल्हापुरातून कुशिऱ्यामार्गे पायी डोंगर चढतात, ते ‘खेटे’ याच कथेतले.

डोंगर सह्याद्रीच्याच एका फाट्यावर, समुद्रसपाटीपासून साधारण ३,१०० फूट उंच. उत्तरेला वारणेचं खोरं, दक्षिणेला पंचगंगेचं. खाली दोन्हीकडे ऊस, वर मात्र कातळ आणि वारा. शेतीवर गाव जगावं अशी जमीनच नाही. गाव जगतं ते देवावर.

आजचं काळ्या दगडाचं मुख्य मंदिर राणोजी शिंदेंनी १७३० मध्ये बांधलं. शिंदे मूळचे साताऱ्यातल्या कण्हेरखेडचे, जोतिबा त्यांचं कुलदैवत. राणोजींच्या एका मुलाचं नावही जोतिबाच. पुढे घराणं ग्वाल्हेरला गेलं, पण डोंगर सुटला नाही. शेजारचं केदारेश्वराचं मंदिर १८०८ मध्ये दौलतराव शिंदेंनी उभारलं.

आता पैशाचं गणित. गावात बहुसंख्य घरं गुरव पुजाऱ्यांची. कुठल्या गावचे भाविक कुणाकडे उतरणार, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. त्यांचं जेवण, नैवेद्य, अभिषेक त्याच घरातून. शिवाय गुलाल, खोबरं, दवणा, नारळ विकणारे. रविवार हा देवाचा वार, त्यामुळे आठवड्याची खरी कमाई त्या दिवसाची. आणि वर्षाची? चैत्र पौर्णिमेची. रब्बीची सुगी झालेली असते, शेतकऱ्याच्या हातात थोडा पैसा आणि सवड असते. शंभरावर सासनकाठ्या येतात, पहिला मान साताऱ्याच्या निनाम पाडळीचा. ‘चांगभलं’च्या गजरात गुलाल-खोबरं उधळलं जातं आणि काळं मंदिर गुलाबी होतं.

एकाच यात्रेवर वर्ष काढायचं म्हणजे काय, हे कोरोनात कळलं. २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षं चैत्र यात्रा भरलीच नाही. पुजाऱ्याला निदान यजमानांचा आधार होता, पाटीवर दवणा विकणाऱ्या बाईला तोही नाही.

मे २०२५ मध्ये चौंडीतल्या मंत्रिमंडळ बैठकीत जोतिबासाठी २५९.५९ कोटींचा आराखडा मंजूर झाला. रस्ते, पार्किंग यांवर चर्चा भरपूर होईल. आमच्या मते पाहायला हवं ते दुसरंच: नव्या आखणीत त्या पाटीवालीची जागा कुठे असेल?