चेनची झीज: डोळ्यांचा अंदाज आणि मापाचा पुरावा

माउंटन बाइकमध्ये पायाचा जोर मागच्या चाकापर्यंत पोहोचवणाऱ्या भागांना एकत्रितपणे ड्राइव्हट्रेन म्हणतात. त्यात पेडलजवळचे दातेरी चक्र म्हणजे चेनरिंग, चेन, मागच्या चाकावरील लहानमोठ्या चक्रांची चवड म्हणजे कॅसेट, आणि चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर यांचा समावेश होतो. या भागांत चेन सर्वांत लवकर झिजते आणि बहुधा सर्वांत स्वस्त असते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले की तिच्या झिजेचा भुर्दंड महागड्या भागांना सोसावा लागतो. तरीही ही झीज सर्रास नुसत्या नजरेने ठरवली जाते, आणि नजर येथे दोन्ही बाजूंनी चुकते: निकामी झालेली चेन तिला चांगली दिसते, तर मुळातच वेगळ्या आकाराचे घडवलेले दाते तिला झिजलेले वाटतात.

चेन वापराने ताणली जाते, हा झिजेबाबतचा सर्वांत रूढ समज आहे. चेन लांब होते हे खरे, परंतु तिच्या पोलादी पट्ट्या पायाच्या जोराने ताणल्या जात नाहीत. चेनची प्रत्येक कडी पुढच्या कडीला एका पिनने जोडलेली असते आणि कडी दात्यावर वळताना ती पिन आतल्या पट्टीच्या कडेला घडवलेल्या गोल कॉलरमध्ये फिरते. तेथे शिरलेली धूळ तेलात मिसळून घासणारा लेप तयार होतो आणि पिन व कॉलर या दोहोंचे धातू हळूहळू खरवडले जातात. सायकलच्या चेनमधील दोन लगतच्या पिनांचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर ठेवलेले असते. चेन ०.५ टक्के लांबली याचा अर्थ प्रत्येक सांध्यात सरासरी केवळ ०.०६ मिलिमीटर फट पडली, आणि एवढी फट कितीही निरखून पाहिली तरी दिसणे शक्य नसते. धुऊन चकचकीत केलेली चेन नव्यासारखी भासते याचे कारण झीज पट्ट्यांच्या पृष्ठभागावर नसून सांध्यांच्या पोटात लपलेली असते.

म्हणून एकेका सांध्याकडे न पाहता अनेक सांध्यांची बेरीज मोजावी लागते. चेन सायकलवर असताना, पेडलवर किंचित दाब देऊन तिची खालची नव्हे तर वरची बाजू ताठ करावी आणि एका पिनच्या मध्यावर पोलादी मोजपट्टीचे शून्य ठेवून २४ सांधे पुढे असलेल्या पिनचा मध्य कोठे येतो ते पाहावे. नव्या चेनमध्ये हे अंतर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरते; ते ३०६.३ झाले तर झीज ०.५ टक्के, आणि ३०७.१ झाले तर ०.७५ टक्के समजावी. मागे ११ किंवा १२ चक्रे असलेल्या सायकलींत सामान्यतः ०.५ टक्क्यांवर, तर १० किंवा त्याहून कमी चक्रे असलेल्या सायकलींत ०.७५ टक्क्यांवर चेन बदलावी असा प्रघात आहे. निर्मात्याने वेगळी मर्यादा दिली असेल तर अर्थातच ती पाळावी. याच कामासाठी दुकानांत चेन चेकर नावाचे गेज मिळते, मात्र त्याचे निदान नेहमीच अचूक असते असेही नाही. दोनच टोके असलेली साधी गेजे रोलरांना, म्हणजे सांध्यांवरील फिरत्या नळकांड्यांना, परस्परविरुद्ध दिशांना ढकलतात, त्यामुळे रोलरांचा सैलपणाही झिजेत धरला जातो आणि चेन प्रत्यक्षापेक्षा अधिक झिजलेली दिसते. तीन ठिकाणी टेकणारी गेजे हा दोष टाळतात.

नवी चेन बसवताच ती चढावर दाते सोडू लागली की चेनच सदोष निघाली असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक दोष बहुधा जुन्या कॅसेटचा असतो. लांबलेल्या चेनचे रोलर दात्याच्या तळाशी न बसता त्याच्या उतारावर चढून टेकतात, भार मोजक्याच दात्यांवर येतो आणि ते दाते त्या लांबलेल्या चेनच्या मापाने कोरले जातात. अशा दात्यांवर नेमक्या १२.७ मिलिमीटर अंतराची चेन नीट बसत नाही. जोर वाढताच ती दात्यावरून उसळून पुढच्या खाचेत आपटते. उभे राहून पेडल मारणाऱ्या स्वाराचा पाय त्या क्षणी अचानक खाली जातो आणि त्याचा तोल जाऊ शकतो, म्हणून ही केवळ गैरसोय मानू नये. तरीही कॅसेट टाकून देण्यापूर्वी लक्षणे तपासावीत. झिजेमुळे होणारी घसरण सर्वाधिक वापरातल्या एकदोन चक्रांवर आणि जोर लावल्यावरच होते; चेनच्या प्रत्येक फेरीत ठरावीक अंतराने झटका बसत असेल तर एखादी कडी अडकलेली असते, आणि अनेक चक्रांवर चेन अस्थिर राहत असेल तर केबलचा ताण चुकल्याची किंवा डिरेलर धरणारा हँगर वाकल्याची शंका घ्यावी.

यातूनच चेन आणि कॅसेट नेहमी एकत्रच बदलावी हा सल्ला निघाला असावा, आणि तो सरसकट पाळण्यासारखा नाही. चेन वेळेवर बदलत गेल्यास एकच कॅसेट अनेक चेनना पुरते. सगळे भाग एकत्र झिजू देऊन शेवटी एकदम बदलणे ही पद्धत ८ चक्रांच्या स्वस्त संचात हिशेबाला धरून आहे. परंतु १२ चक्रांच्या संचात, जेथे कॅसेटची किंमत चेनच्या कित्येक पट असू शकते, तेथे ती परवडत नाही. शिवाय अशा अनेक कॅसेटमधील सर्वांत मोठे चक्र वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियमचे केलेले असते आणि ते पोलादापेक्षा लवकर झिजते. सह्याद्रीतल्या घाटवाटांवर तासन्‌तास त्याच चक्रावर चढणाऱ्या स्वारांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

दात्यांच्या आकारावरून होणारी फसगत चेनबाबतच्या चुकीच्या उलट आहे. कॅसेटमधील काही दाते मुद्दाम बुटके किंवा तिरपे कापलेले असतात, कारण गिअर बदलताना चेनला तेथून वाट मिळते. एकच चेनरिंग असलेल्या सायकलींत त्या चेनरिंगचे दाते एकाआड एक जाड आणि पातळ असतात, जेणेकरून चेन खडकाळ वाटेवरही निसटू नये. हे दोन्ही प्रकार झीज नव्हेत. खरी झीज ओळखायची तर दात्याची भार घेणारी बाजू पाहावी: ती आत पोखरली जाऊन दाता आकड्यासारखा वळला असेल, तर तो भाग संपला. डिरेलरमधील वरची छोटी पुली बाजूला हलते म्हणून तीही अनेकदा उगीच बदलली जाते. शिमानो कंपनीच्या अनेक डिरेलरांत हे आडवे हलणे चेनला चक्राशी जुळवून घेता यावे म्हणून ठेवलेले असते.

चेन अमुक किलोमीटर चालते असे ठोक उत्तर देता येत नाही. कोरड्या रस्त्यावर दीर्घकाळ टिकणारी चेन पावसाळी चिखलात फार लवकर संपू शकते, कारण झीज अंतराने नव्हे तर सांध्यात शिरलेल्या कणांनी होते. भरपूर तेल ओतल्याने संरक्षण वाढते हेही खरे नाही. तेलाची गरज पिनभोवती असते आणि बाहेर उरलेले तेल धूळ धरून ठेवते, म्हणून प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब टाकून काही वेळाने बाहेरचे पुसून काढणे हितकारक ठरते.

नवी चेन कापताना ती जुन्या चेनशेजारी लटकवून लांबी जुळवण्याची सवयही घातक आहे. १२० सांध्यांची चेन ०.७५ टक्के झिजली असेल तर ती ११ मिलिमीटरहून अधिक, म्हणजे जवळजवळ एका सांध्याइतकी, लांबलेली असते. म्हणून लांबी न जुळवता सांधे मोजावेत, आणि जुनी लांबी मुळात योग्य होती याचीही खात्री करावी. टोके जोडणाऱ्या क्विक लिंकबाबतही काळजी घ्यावी लागते. ११ आणि १२ चक्रांच्या संचांसाठीच्या अनेक लिंक एकदाच वापरण्यासाठी बनवलेल्या असतात आणि काढून पुन्हा बसवल्यास त्यांची पकड सैल होऊ शकते, म्हणून नव्या चेनसोबत तिच्याच मापाची नवी लिंक वापरावी.