उतारशाळेतले दोन दिनार (निःस्वार्थ प्रीती : भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण ‘प्रीती’ या शब्दापाशी थांबलो होतो. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘अगापे’. १६११ च्या इंग्रजी बायबलात त्यालाच अनेक ठिकाणी ‘चॅरिटी’ म्हटलं, आणि पुढे त्या शब्दाला दानपेटीचा वास लागला. मराठी बायबलानं ‘प्रीती’ धरून ठेवली, याचं मला फार बरं वाटतं. दान देऊन माणूस घरी जाऊ शकतो. प्रीतीला तशी सुटका नसते.

गुजरातेतल्या करजणला महामार्गाच्या कडेला उभं राहिलं की चांगल्या शोमरोन्याची गोष्ट अंगणात आल्यासारखी वाटते. वडोदरा-भरूच वाहतूक रात्रंदिवस चालू, थांबायला कुणाला वेळ नाही. प्रवचनांत आपण तेल आणि द्राक्षारसाबद्दल ऐकतो, जखमा बांधल्या ते ऐकतो. मला मात्र त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. शोमरोनी त्या जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची शुश्रूषा करतो, सकाळी दोन दिनार काढून देतो आणि जास्त लागलं तर परत येताना फेडीन म्हणतो. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तो स्वतःचं काम सोडत नाही, पुढच्या गावी जातोच. पण त्या माणसाचा खर्च आता त्याच्या हिशेबात आलेला असतो.

आपल्या घरांत प्रीती नेमकी इथेच दमते. सासूबाई पडल्या की पहिल्या आठवड्यात दवाखान्यात गर्दी असते, मंडळीतली माणसं डबे आणतात, प्रार्थना होते. चौथ्या महिन्यात अंथरूण बदलायला, पाठीला पावडर लावायला, तोच प्रश्न दहाव्यांदा ऐकायला एखादीच सून उरते. तिच्याकडे कुणी पाहत नाही. निःस्वार्थ प्रीती म्हणजे काय, हे मी तिच्याकडून शिकावं असं मला मनापासून वाटतं.

अशीच न दमणारी प्रीती याच मुलखाच्या एका जुन्या आठवणीत सापडते. एकदा गुजरातवर छप्पनियो कोसळला. विक्रम संवत १९५६ चा म्हणून हे नाव; इसवी सन १८९९-१९०० चा तो दुष्काळ. पावसानं दगा दिला, गुरं मेली, मागोमाग कॉलरा आला. पुण्याजवळच्या केडगावहून पंडिता रमाबाईंनी आपली माणसं गुजरातेत धाडली आणि निराधार मुली-बायका आणवल्या. त्यांच्या मुक्ती सदनाची वस्ती तेव्हा दोन हजारांच्या घरात गेली.

रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. तरुणपणी त्यांनी दुष्काळाच्या दिवसांत वणवण केली होती. आई, वडील, बहीण सगळे त्यातच गेले. पण हळहळ वाटणं वेगळं आणि दोन हजार तोंडांची रोजची सोय वेगळी. आलेल्या मुलींच्या अंगावर चिंध्या, खरूज, डोक्यात उवा, पोट इतकं आत गेलेलं की एकदम जेवण दिलं तर जीव जावा. केस विंचरायचे, जखमा धुवायच्या, पेज थोडी थोडी पाजायची. हे काम एकट्या बाईंचं नव्हतं. आधीच्या, १८९६-९७ च्या दुष्काळात आलेल्या मुली आता मोठ्या झाल्या होत्या, आणि नव्या आलेल्यांना सांभाळायला त्याच पुढे होत्या.

केडगावात अंध मुलींसाठी वेगळी सोय झाली. रमाबाईंची लेक मनोरमा ब्रेल शिकून घेऊन त्यांना शिकवू लागली. म्हाताऱ्या आणि अपंग बायकांच्या घराचं नाव होतं प्रीतिसदन. ज्यांच्याकडून परत काही मिळण्याची आशा नाही, त्यांच्याच दारावर तो शब्द.

आणि बाई स्वतः? हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या होत्या, कितीतरी वर्षं. जुनं भाषांतर त्यांच्या साध्या बायकांना जड जात होतं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. छापून पूर्ण झालेलं बायबल १९२४ मध्ये आलं. त्याचे खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्या मुलींचेच होते.