धंद्यासाठी लॅपटॉप घेताय? विंडोज ‘होम’मध्ये काय चालतं आणि कुठे अडतं?



“सर, नवीन लॅपटॉप घ्यायचाय. दुकानदार म्हणतो, धंदा आहे म्हणजे विंडोज प्रो-च लागेल. खरंच लागतं का?” तुमच्याही मनात हाच प्रश्न असेल, तर पैसे मोजण्याआधी पाच मिनिटं काढा आणि हे वाचा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. होम स्लो आणि प्रो फास्ट, असं काही नसतं. पूर्वी स्वस्त एडिशनला खरंच कात्री लावलेली असायची. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ स्टार्टरमध्ये २ जीबीपेक्षा जास्त रॅम चालत नसे, साधा वॉलपेपरही बदलता येत नसे. आजचं विंडोज ११ होम १२८ जीबीपर्यंत रॅम घेतं. बिलिंग, जीएसटी रिटर्न, एक्सेल, व्हॉट्सॲप, डिझाइन ही सगळी कामं त्यावर आरामात होतात.

मग अडतं कुठे?

१. एस मोड. काही स्वस्त लॅपटॉपवर होम ‘एस मोड’मध्ये येतं. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलेच ॲप चालतात. टॅलीची इन्स्टॉल फाइल, बारकोड प्रिंटरचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर असं बाहेरून आणलेलं काही बसत नाही. घाबरू नका, एस मोडमधून बाहेर पडणं फुकट आहे. फक्त एकदा बाहेर पडलात की परत जाता येत नाही. यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

२. घरून दुकानाचा कॉम्प्युटर चालवणं. विंडोजचं स्वतःचं ‘रिमोट डेस्कटॉप’ वापरून दुसऱ्या मशीनवरून होमच्या मशीनमध्ये शिरता येत नाही. त्यासाठी ज्या मशीनमध्ये शिरायचंय, तिच्यावर प्रो लागतं. पण अधूनमधून स्टॉक बघायचा असेल, तर मोफत मिळणारं क्रोम रिमोट डेस्कटॉप होमवरही चालतं. आणि प्रो घेतलं तरी एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. तुम्ही घरून शिरलात की काउंटरवरची स्क्रीन लॉक होते.

३. बरेच कॉम्प्युटर, एकच कंट्रोल. सगळ्या मशीनवर एका जागेवरून नियम लावणं, कंपनीच्या डोमेनला जोडणं हे होममध्ये नाही. पण दोन काउंटरमध्ये फोल्डर किंवा प्रिंटर शेअर करायचा असेल, तर होम पुरतं. लायसन्सप्रमाणे २० मशीनपर्यंत परवानगी आहे, आणि प्रोमध्येही आकडा तोच आहे! कामगारांनी भलतंसलतं इन्स्टॉल करू नये म्हणून त्यांना वेगळं ‘स्टँडर्ड’ अकाउंट बनवून द्या. ही सोय होममध्येही आहे.

४. डेटाचं कुलूप. प्रोमध्ये ‘बिटलॉकर’ने बॅकअपचा पेनड्राइव्हही लॉक करता येतो. होममध्ये ती सोय नाही, मात्र बहुतेक नव्या लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असतं. आता इथे नीट लक्ष द्या. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की हे कुलूप बऱ्याचदा आपोआप लागतं, आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते.

समजा, दुकानातल्या पोराने घाईत स्वतःच्या ईमेलने लॅपटॉप चालू करून दिला. वर्षभराने मदरबोर्ड बदलावा लागला आणि स्क्रीनवर की मागितली. ती की आहे त्या पोराच्या अकाउंटमध्ये, आणि त्याने तर नोकरी सोडलेली! तुमची उधारीची वही, ग्राहकांची यादी, सगळी बिलं आत अडकली. बॅकअप नसेल, तर तो डेटा गेला म्हणून समजा. म्हणून पहिलं लॉगिन तुमच्याच ईमेलने करा आणि ती की कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

आता निर्णय कसा घ्यायचा?

एक-दोन मशीन असतील आणि काम दुकानातूनच होत असेल, तर होम घ्या. वाचलेल्या पैशांत जास्त रॅम किंवा बॅकअपसाठी हार्ड डिस्क घ्या. ग्राहकांची आर्थिक किंवा आरोग्याची माहिती सांभाळत असाल, रोज बाहेरून मशीन चालवायचं असेल, किंवा मोठ्या कंपनीने तशी अटच घातली असेल, तर प्रो घ्या.

आणि आज होम घेतलं म्हणजे कायमचं अडकलात, असं नाही. गरज पडेल तेव्हा सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथून पैसे भरून प्रो करता येतं. फाइल्स जागच्या जागी राहतात. तरी आधी बॅकअप घ्याच. दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या ‘ओरिजिनल की’च्या नादी मात्र लागू नका. ती कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो.

आजचा होमवर्क: सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट उघडा आणि ‘एडिशन’समोर काय लिहिलंय ते बघा. मग रिकव्हरी की कोणाच्या अकाउंटमध्ये आहे, ते तपासा. दुसरं काम आजच करा, उद्यावर ढकलू नका.