गादी बघण्याचा कार्यक्रम

माझ्यासाठी स्थळं बघताना आई जेवढे प्रश्न विचारते ना, त्याच्या दुप्पट प्रश्न मी या मे महिन्यात गाद्यांच्या दुकानांत विचारले. आणि स्थळांसारखंच इथेही प्रत्येकीचा बायोडेटा एकदम झकास! ‘हंड्रेड पर्सेंट नॅचरल’, ‘ऑर्थो’, ‘डॉक्टर रेकमेंडेड’, ‘बारा वर्षं वॉरंटी’. खोट कुणातच नाही. फक्त एका दुकानात जे ऐकावं, त्याच्या बरोब्बर उलटं पुढच्या दुकानात ऐकायला मिळायचं.

प्रकरण सुरू झालं आईच्या कंबरेवरून. आई-बाबा रिटायर होऊन लोणावळ्यात तुंगार्लीला राहायला गेले, तेव्हा माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनी ‘वॉव, रोजच वीकएंड!’ म्हणून घेतलं. पहिल्याच पावसाळ्यात वॉव संपलं. वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात कापसाची गादी काय टिकणार? दिवाळीत उचलली, तर खालच्या बाजूला काळ्या ठिपक्यांची रांगोळी! तोवर आईची कंबर पुरती धरली होती. रात्री तीन वाजता ती उठून हॉलमध्ये खुर्चीत जाऊन बसते, हे बाबांनी मला फोनवर आवाज बारीक करून सांगितलं. पुढचा पावसाळा तिने त्या गादीवर काढायचा नाही, एवढं मी त्याच दिवशी ठरवलं. डॉक्टर म्हणाले होते, ‘गादी बदला.’ कुठली घ्या, ते नव्हते म्हणाले. बाणेरची एक मैत्रीण म्हणाली, ‘लॅटेक्स घे, डोळे झाकून.’

डोळे झाकून? बरं.

पहिलं दुकान लोणावळ्याच्या बाजारातलं. ‘ताई, लॅटेक्सचं नावच काढू नका. रबर ते, घाम धरतं, इथल्या हवेत बुरशी येते. काथ्याची घ्या, काथ्या श्वास घेतो.’ दुसरं दुकान तळेगावात. ‘काथ्या? लोणावळ्यात? मॅडम, काथ्यालाच तर बुरशी लागते! लॅटेक्स अँटी-फंगल असतं, काहीच होत नाही.’ तिसरं सोमाटणे फाट्याजवळचं, एसी शोरूम. तिथल्या टाय लावलेल्या मुलाचं मत, की कंबरदुखीला एकच इलाज, दगडासारखी कडक ऑर्थो गादी. नव्या गादीचा वास येतो का, या एका प्रश्नावरसुद्धा एकमत नाही. एक म्हणतो, वास आला म्हणजे केमिकल. दुसरा म्हणतो, वास आला म्हणजेच अस्सल! चौथ्या दुकानातून बाहेर पडताना मला घरी जाऊन सतरंजीवर झोपावंसं वाटत होतं.

मग म्हटलं, आधी लॅटेक्स म्हणजे काय ते तरी समजून घेऊ. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. रबर म्हटलं की केरळ, रबर बोर्डाचं मुख्यालयही कोट्टायमला. पण आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे गेलात, तर तिथेही रबराच्या बागा दिसतात. झाडाच्या सालीवर तिरकी खाच मारून चीक गोळा करायचा, मशिनमध्ये फिरवून त्यातलं पाणी कमी करायचं, म्हणजे साधारण ६० टक्के रबराचा दाट चीक मिळतो. त्यात गंधक वगैरे घालून तो फेसाळ होईपर्यंत फेटायचा, साच्यात ओतायचा आणि वाफवायचा. थोडक्यात काय, इडली! गादीला जी भोकं दिसतात ती साच्यातल्या दांड्यांची. त्या दांड्यांमुळे उष्णता आतपर्यंत पोचते. ही डनलॉप पद्धत. १९२९ मध्ये त्या कंपनीच्या संशोधकांनी ती शोधली, आणि आपल्याकडे आज्ज्या-मावश्या कुठल्याही फोमच्या गादीला ‘डनलॉपची गादी’ म्हणायच्या ते त्यावरूनच. टॅलॅले नावाची दुसरी पद्धत आहे. तिच्यात साच्यातली हवा काढून घेतात, फेस गोठवतात आणि मग तापवतात. गादी जरा मऊ आणि बरीच महाग होते. भारतात बनणारं बहुतेक लॅटेक्स डनलॉप पद्धतीचंच.

आता गंमत बघा. गंधक आणि इतर रसायनं घातल्याशिवाय चिकाची गादी होतच नाही. म्हणजे अक्षरशः शंभर टक्के झाडाचं असं काही नसतं. प्रामाणिक दुकानदार ‘१०० टक्के नॅचरल’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की यातलं रबर सगळं झाडाचं आहे, पेट्रोलियमपासून केलेलं सिंथेटिक लॅटेक्स त्यात मिसळलेलं नाही. अप्रामाणिक दुकानदार तेच वाक्य म्हणतो, तेव्हा वर एक इंच लॅटेक्स असतं आणि खाली पाच इंच साधा फोम.

हे मला कळलं वडगावच्या एका दुकानात, तेही तांदळाच्या काट्यावर. तिथली सहा इंची सिंगल गादी ‘फुल लॅटेक्स, ८५ डेन्सिटी’ होती. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो. ७२ बाय ३६ इंचांची, सहा इंच जाडीची गादी पाव घनमीटरच्या किंचित वर भरते. म्हणजे वजन साधारण २१-२२ किलो यायला हवं. मी आणि दुकानातल्या पोऱ्याने ती अगदी सहज उचलली, तिथेच माझी पाल चुकचुकली. शेजारच्या भुसार दुकानात इंद्रायणी तांदळाची पोती मोजायचा मोठा काटा होता. काकांनी हसत हसत गादी चढवू दिली. १४ किलो! मग कव्हरची चेन उघडा म्हटलं, तर चेन नव्हतीच, चारही बाजूंनी शिलाई. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, हलकं लॅटेक्स लेटेस्ट आहे.’ असो. अर्थात वजनावरही सगळी भिस्त नको. चिकात खडूची भुकटी किंवा माती मिसळूनही गादी जड करता येते. काट्यावर फक्त हलका चोर सापडतो.

सर्टिफिकेटांचंही तसंच. ‘ओको-टेक्स’चा कागद एका ठिकाणी फ्रेम करून लावला होता आणि ‘हे बघा, नॅचरल असल्याचा पुरावा’ म्हणून दाखवला गेला. तो कागद सांगतो, की मालात घातक द्रव्यांचं प्रमाण मर्यादेच्या आत आहे. सिंथेटिक मालालाही तो मिळू शकतो. सेंद्रिय लॅटेक्ससाठी ‘गॉल्स’ नावाचं वेगळं मानांकन आहे, त्यात ९५ टक्क्यांहून जास्त कच्चं लॅटेक्स प्रमाणित सेंद्रिय लागतं.

आणि त्या दगडासारख्या ऑर्थो गादीचं काय? कंबर दुखते तर फळीवर झोपावं, असं आईही म्हणतेच. २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्पेनमधला एक अभ्यास छापून आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी निम्म्यांना कडक गादी दिली, निम्म्यांना मध्यम कडक. ९० दिवसांनी मध्यमवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. टायवाल्या मुलाला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, ‘मॅम, स्पेनच्या लोकांची हाडं वेगळी.’ यावर काय बोलणार!

शेवटी मी एक नवा फंडा काढला. सगळं ऐकून घ्यायचं आणि निघताना गोड आवाजात म्हणायचं, ‘दादा, हेच बिलावर लिहून द्याल?’ नॅचरल लॅटेक्स, किती इंच, डेन्सिटी किती. बस्स. वाद नाही, भांडण नाही. ‘हंड्रेड पर्सेंट नॅचरल’चं बिलावर येता येता ‘लॅटेक्स मॅट्रेस’ होतं. एका ठिकाणी तर नुसतं ‘मॅट्रेस, १ नग’! एकाने ‘आमचं सॉफ्टवेअर एवढं लांब नाव घेत नाही’ असं कारण दिलं. सहा दुकानांपैकी दोघांनी काही खळखळ न करता लिहून दिलं, आणि त्यातल्या एकानेच विचारलं, ‘झोपणाऱ्याचं वजन किती?’ आई ५२ किलोंची. ‘मग मीडियम घ्या, कडक गादीत त्यांचा खांदा रुतणारच नाही.’ इतक्या दिवसांत आईबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

पण बुरशीचं कोडं तसंच होतं. बरं, मी पाहिलेल्या तिन्ही वॉरंटी कार्डांवर बारीक अक्षरांत ‘ओल, बुरशी, डाग वगळून’ लिहिलेलं. म्हणजे लोणावळा वगळूनच म्हणा ना!

ते सुटलं आईच्या सोसायटीमागच्या बंगल्यात. हा बंगला वीकएंडला भाड्याने देतात. तिथले केअरटेकर मामा नाणे मावळातले, अकरा वर्षं गाद्याच सांभाळतायत. मी त्यांना काथ्या की लॅटेक्स विचारलं, तर म्हणाले, ‘ताई, गादी कुठली बी घ्या. गादी सडत नाय, आधी गादीखालची फळी सडती.’ आणि त्यांनी बॉक्सबेडचं झाकण उचलून दाखवलं. वर गादी, मध्ये सलग प्लायवुड, खाली पाहुण्यांच्या रग-चादरी कोंबलेल्या. अंगाची ऊब आणि वाफ खाली उतरते, प्लायला अडते, तिथेच गार होऊन ओल धरते. मग काथ्या असो, लॅटेक्स असो. लॅटेक्सवर बुरशी जरा उशिरा येते, पण खालून हवाच नसली तर येतेच. म्हणजे लोणावळ्याचा दुकानदारही बरोबर आणि तळेगावचाही, फक्त पलंग दोघांनीही पाहिला नव्हता.

मामा दर सोमवारी पाहुणे गेले की सगळ्या गाद्या भिंतीला उभ्या करतात आणि दिवसभर पंखा लावतात. ऊन नाही देत? ‘कापसाला द्यायचं. त्या रबराच्या गादीला म्या एकदा दिलं होतं, चार दिवस, गच्चीवर.’ मालकांची महागडी लॅटेक्स गादी! तिच्या कडा पिवळ्या पडल्या आणि इतक्या कडक झाल्या, की चिक्कीसारखा तुकडा हातात आला. उन्हाने लॅटेक्सचं रबर विटतं, हे कुठल्याच दुकानात कुणी बोललं नव्हतं. आणि आमच्या घरात तर ऊन दाखवलं नाही ती गादीच नव्हे!

मग आईसाठी सहा इंची, मीडियम, चेनच्या कव्हरची सिंगल लॅटेक्स गादी घेतली. साडेएकवीस हजार रुपये, म्हणजे माझ्यासारख्या फ्रीलान्सरने किती लेख लिहायचे ते संपादकांना माहीतच आहे. बिलावर सगळं लिहून. कामशेतहून सुतार बोलावला आणि पलंगाच्या प्लायला एक इंचाची भोकं पाडायला सांगितली. खालचे रग काढून कपाटावर चढवले. आई दारात उभी राहून बघत होती. ‘चांगल्या सागवानी पलंगाची चाळण केलीस,’ म्हणाली. प्लाय आहे गं तो, सागवान फक्त कडेला, हे मी सांगितलं नाही.

पहिले दहा दिवस खोलीत नव्या रबरी चपलेचा वास होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. दर सोमवारी बाबा गादी उभी करून पंखा लावतात, हे त्यांनी आपणहून मामांकडून उचललंय. आईची कंबर पूर्ण थांबलीय असं नाही. वाकताना अजून ‘आई गं’ होतं. पण परवा बाबांचा फोन आला, तोही मोठ्या आवाजात. ती सलग साडेपाचपर्यंत झोपली होती.

आणि आता त्यांनाही तशीच गादी हवी आहे. बाबा ८४ किलोंचे आहेत. म्हणजे मीडियम चालणार नाही, पुन्हा सगळी दुकानं.