एबेअर, ल्वी
(सु. १५७५–२५ जानेवारी १६२७). न्यू फ्रान्स (कॅनडा) या फ्रेंच वसाहतीत कुटुंबासह स्थायिक होऊन शेती करणारा पहिला यूरोपीय रहिवासी. जन्म पॅरिस येथे. त्याचे वडील नीकोला औषधविक्रेते होते व ल्वीनेही तोच व्यवसाय पतकरला. १६०१ मध्ये मारी रॉले हिच्याशी त्याचा विवाह झाला.

नातलग प्वात्रँकूर याच्यासमवेत १६०६ मध्ये तो अकेडियातील पोर्ट रॉयल येथे गेला. तेथे त्याने रुग्णसेवेबरोबरच शेतीचे प्रयोग केले. त्याची जमिनीविषयीची आवड सहप्रवासी लेखक मार्क लेस्कार्बो याने नमूद केली आहे. पुढे १६१० मध्ये तो पुन्हा तेथे गेला. परंतु १६१३ मध्ये इंग्रज कप्तान सॅम्युएल आर्गल याने ती वसाहत उद्ध्वस्त केली व एबेअरला मायदेशी परतावे लागले.

⇨ साम्यूएल द शांप्लँ याच्या आग्रहावरून १६१७ मध्ये तो पत्नी व तीन अपत्यांसह क्वीबेकला निघाला. मात्र केसाळ कातड्यांच्या व्यापाराचा मक्ता असलेल्या कंपनीला शेतकऱ्यांची वस्ती नको होती. पॅरिसमधील घरदार विकून तो आँफ्लर बंदरात पोहोचला, तेव्हा कंपनीने ठरलेले वेतन निम्म्यावर आणले. पिकवलेले धान्य कंपनीलाच विकावे व मूळ रहिवाशांशी व्यापार करू नये, अशा अटीही घातल्या. परतीचा मार्ग उरला नसल्याने त्याने त्या मान्य केल्या. क्वीबेकच्या कड्यावरील जंगल तोडून त्याने धान्य व भाजीपाला पिकविला. हे सर्व काम हाती अवजारांनी झाले. तेथे नांगर प्रथम चालला तो १६२८ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर. १६२३ मध्ये त्याला जमिनीचे सरंजामी हक्क मिळाले व १६२६ मध्ये ते कायम करण्यात आले. बर्फावरून घसरून झालेल्या अपघातानंतर तो क्वीबेक येथे मरण पावला. १६२९ मध्ये इंग्रजांनी क्वीबेक घेतले, तरी त्याचे कुटुंब तेथेच राहिले.

एबेअरचे चरित्र जुळवणे सोपे नव्हते. क्वीबेकच्या चर्चमधील नोंदवह्या १६४० च्या आगीत जळाल्या व त्या पुढे स्मरणाधारे पुन्हा लिहिण्यात आल्या. पॅरिसमधील जन्म-विवाहाच्या जुन्या नोंदी १८७१ च्या आगीत नष्ट झाल्या. त्यामुळे लेखप्रमाणकांच्या दप्तरांतील खरेदीखते, करारपत्रे, तसेच लेस्कार्बो, शांप्लँ व धर्मप्रचारक यांची लिखाणे यांवर संशोधकांना विसंबावे लागले. सिप्रिअँ तांगे या धर्मगुरूचा फ्रेंच-कॅनडियन कुटुंबांचा सप्तखंडी वंशावळीकोश (१८७१–९०) व माँट्रिऑल विद्यापीठात १९६६ मध्ये सुरू झालेला ऐतिहासिक लोकसंख्याविषयक प्रकल्प यांमुळे अशा शोधास भक्कम पाया लाभला.

या शोधातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. एबेअरचा मुलगा गीयोम १६३९ मध्ये वारला व नातू झोझेफ इरोक्वाय लोकांच्या कैदेत मरण पावला. त्याबरोबर पुरुषवंश खुंटला. म्हणून आज एबेअर आडनाव लावणारे त्याचे वंशज असतीलच असे नाही. त्यांच्यापैकी अनेकांचे मूळ पुढे अकेडियात आलेल्या आंत्वान व एत्येन एबेअर या बंधूंकडे जाते. उलट त्याची मुलगी गीयमेत व जावई गीयोम कूयार यांना दहा अपत्ये झाली आणि गीयोमची मुलगी फ्रांस्वाझ हिचाही वंश वाढला. त्यामुळे वेगळी आडनावे असलेली असंख्य फ्रेंच-कॅनडियन कुटुंबे एबेअरचा वंश सांगतात. वंशशोधात केवळ आडनावामागे न जाता मातृशाखाही तपासाव्या लागतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

‘पहिला शेतकरी’ ही उपाधी मात्र मर्यादित अर्थानेच घ्यावयास हवी. झाक कार्त्येच्या १५३५ मधील सफरीच्या वेळी याच परिसरातील स्टाडाकोना गावचे इरोक्वॉयन भाषक मका पिकवीत होते. शिवाय कूयार कुटुंबाच्या घरी १६३२ पासून मादागास्करहून आणलेला ऑलिव्ह्ये ल झन हा मुलगा गुलामीत होता. कॅनडातील आफ्रिकी गुलामीची ही आरंभीची नोंद होय. पूर्वजांचा गौरव करताना या बाबीही त्याच कागदपत्रांतून पुढे येतात. एबेअर, मारी रॉले व कूयार यांचे आल्फ्रेद लालीबेर्ते याने घडविलेले स्मारक १९१८ मध्ये क्वीबेक शहरात उभारण्यात आले.