होळीच्या चंद्राचे कुळ

आकाशाचा हिशेब : लेखांक ९

मागच्या आठवड्यात खग्रास ग्रहणात चंद्र तांबडा का होतो, ते आपण पाहिले. आज त्याच्या उलट टोकाला जायचे आहे. लागले तरी बहुतेकांना न कळणारे, पंचांगातही ज्याचे वेध पाळायला सांगत नाहीत असे छायाकल्प चंद्रग्रहण हा आजचा विषय. या ग्रहणाची कुणी फारशी वाट पाहत नाही. मला मात्र ग्रहणांचे गणित समजून घ्यायला याच्याइतकी चांगली जागा दुसरी वाटत नाही, कारण चंद्रग्रहणांची घराणी जन्माला येतात ती याच पुसट ग्रहणांतून आणि संपतात तीही यांच्यातच.

३ मार्च १९८८ ची रात्र घ्या. होळीपौर्णिमा होती. पावणेदहाच्या सुमारास चंद्र चांगला वर आलेला असताना त्याची दक्षिणेकडची कड मळकट झाली होती. होळीच्या धुरामुळेच तसे दिसते आहे असे कुणालाही वाटले असते, पण ती पृथ्वीची सावली होती. पुढे १८ वर्षांनी, २००६ साली, पुन्हा होळीलाच ग्रहण लागले. त्याचा मध्य होता १५ मार्चला, धुळवडीच्या पहाटे सव्वापाचला. आणखी १८ वर्षांनी, २५ मार्च २०२४ रोजी, तिसऱ्यांदा तेच झाले. त्या दिवशीही धुळवडच होती, पण ग्रहणमध्य दुपारी पावणेएकला आला. चंद्र तेव्हा आपल्या क्षितिजाखाली होता, त्यामुळे आपल्याला ग्रहण दिसलेच नाही.

तारखा जवळजवळ बसवल्यासारख्या आहेत, आणि वेळा मात्र दर खेपेला सुमारे आठ तासांनी पुढे सरकल्या आहेत. हा योगायोग नाही. ही तिन्ही ग्रहणे एकाच घराण्यातली आहेत.

आधी सावली समजून घेऊ. सूर्य हा बिंदू नाही, मोठे बिंब आहे. म्हणून पृथ्वीची सावलीही दुहेरी पडते. मधोमध दाट छाया असते, तिथून पाहिले तर सूर्य पूर्ण झाकलेला दिसेल. तिच्याभोवती विरळ छायेचे कडे असते, तिथून सूर्याचा काही भागच झाकलेला दिसेल. चंद्र फक्त या कड्यातून गेला की ते छायाकल्प ग्रहण. तेव्हा चंद्रावर कुणी उभे असते, तर त्याला पृथ्वीमुळे लागलेले खंडग्रास सूर्यग्रहण दिसले असते. थोडा झाकलेला सूर्यसुद्धा भरपूर उजेड देतो, म्हणून चंद्रबिंबाचा निदान दोन-तृतीयांश भाग कड्यात शिरेपर्यंत नुसत्या डोळ्यांना फरक जाणवत नाही.

या कड्याची रुंदी चंद्रबिंबाच्या व्यासाएवढीच, किंचित कमीजास्त असते. त्यामुळे दाट छायेला अजिबात न शिवता चंद्र अख्खाच्या अख्खा त्यात मावण्याचे प्रसंग फार थोडे. २००६ ची धुळवड हा असा एक प्रसंग होता. पुढचा येईल तो २९ ऑगस्ट २०५३ रोजी.

आता चक्राकडे वळू. चंद्रग्रहणाला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पौर्णिमा हवी, आणि चंद्र राहू किंवा केतूजवळ हवा. राहू-केतू म्हणजे चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा भासमान मार्ग जिथे एकमेकांना छेदतात ते दोन बिंदू. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. राहूपासून निघून पुन्हा राहूपाशी यायला चंद्राला २७.२१ दिवस पुरतात. हे दोन आकडे वेगळे, पण २२३ पौर्णिमांचे दिवस होतात ६५८५.३२ आणि राहूच्या २४२ फेऱ्यांचे ६५८५.३६. फरक तासाभराहूनही कमी! त्यातच चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येण्याच्या २३९ फेऱ्याही ६५८५.५४ दिवसांत पुऱ्या होतात. म्हणून १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी जवळजवळ तशीच पौर्णिमा, राहूपासून जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आणि जवळजवळ त्याच आकाराच्या चंद्रबिंबासह परत येते. मधल्या काळात लीप वर्षे पाच आली, तर ११ ऐवजी १० दिवस धरायचे.

बाबिलोनच्या ज्योतिषांनी ग्रहणांच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्या आणि त्यांतून हा काळ ओळखला. त्याला ‘सारोस’ हे नाव मात्र १६९१ मध्ये एडमंड हॅली यांनी दिले. बाबिलोनमध्ये त्या शब्दाचा अर्थ होता ३६०० ही संख्या. नाव चुकीचे पडले, तरी तेच रूढ झाले.

वरचे आठ तास याच हिशेबातले आहेत. तेवढ्या वेळात पृथ्वी एक-तृतीयांश फिरते, म्हणून घराण्यातले पुढचे ग्रहण जगाच्या दुसऱ्याच भागाला दिसते. तीन खेपांनी, म्हणजे ५४ वर्षे आणि महिनाभराने, ते पुन्हा आपल्या बाजूला येते. होळीच्या घराण्यातले पुढचे ग्रहण ५ एप्रिल २०४२ रोजी रात्री आठच्या सुमारास आहे, १९८८ पासून मोजले तर बरोबर तिसरे. दर खेपेला तारीख अकरा दिवसांनी पुढे जात असल्याने तेव्हा फाल्गुन मागे पडलेला असेल आणि पौर्णिमा चैत्रातली, हनुमान जयंतीची असेल.

राहिला तो तासाभराहून कमी असलेला फरक. त्यामुळे दर खेपेला चंद्र राहूच्या संदर्भात सुमारे अर्ध्या अंशाने सरकतो, आणि घराण्याला वय असते ते याचमुळे. आपले होळीचे घराणे खगोलशास्त्रात ११३ व्या क्रमांकाने ओळखले जाते. त्याचे पहिले ग्रहण लागले २९ एप्रिल ८८८ रोजी, महाराष्ट्रावर राष्ट्रकूटांचे राज्य असताना. तेव्हा चंद्राने विरळ छायेची नुसती कड गाठली होती. खेपेगणिक तो आत सरकत गेला. पंधराव्या ते सतराव्या शतकात या घराण्याने खग्रास ग्रहणे दिली. मग उतरण लागली. १९७० मध्ये बिंबाचा जेमतेम पाच टक्के भाग दाट छायेत गेला, आणि १९८८ मध्ये चंद्र तिला न शिवता अगदी जवळून गेला. २००६ मध्ये तो विरळ छायेत पुरता मावला, २०२४ मध्ये ९६ टक्के, आणि २०४२ मध्ये ८७ टक्के मावेल. १० जून २१५० रोजी घराण्यातले ७१ वे आणि शेवटचे ग्रहण लागेल.

याउलट ५ मे २०२३ च्या बुद्धपौर्णिमेला रात्री अकराच्या सुमारास आपल्याकडे दिसलेले छायाकल्प ग्रहण १४१ व्या, उगवत्या घराण्यातले होते. १६०८ पासून ओळीने २४ पुसट ग्रहणे झाली, त्यांतले ते शेवटचे. याच घराण्यातला चंद्र १६ मे २०४१ रोजी पहिल्यांदा दाट छायेला शिवेल, आणि २१६७ मध्ये पहिले खग्रास ग्रहण लागेल. होळीचे ग्रहण आणि बुद्धपौर्णिमेचे ग्रहण दिसायला सारखीच. त्यांतले एक घराणे मावळते आहे आणि दुसरे वयात येते आहे, हे चंद्राकडे नुसते पाहून कळणार नाही. ते हिशेब सांगतो.

असे ग्रहण पाहायचे असेल तर २१ फेब्रुवारी २०२७ ची, माघ पौर्णिमेची पहाट राखून ठेवा. पावणेपाचच्या आसपास बिंबाची एक बाजू दुसरीपेक्षा मळकट दिसेल. रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे, कॅमेऱ्याचे प्रकाशमान तेच ठेवून एकेक छायाचित्र घ्या, म्हणजे फरक स्पष्ट कळेल.

त्याच वर्षी १८ जुलैला, गुरुपौर्णिमेच्या रात्री, ११० वे घराणे संपेल. त्याचा आरंभ २८ मे ७४७ चा. वेरूळचे कैलास लेणे तेव्हा अजून डोंगराच्या पोटातच होते. बाराशे ऐंशी वर्षांतले हे ७२ वे ग्रहण सुमारे बारा मिनिटांचे असेल, आणि विरळ छायेत शिरेल ती चंद्राची फक्त काही किलोमीटरची कड. दुर्बिणीतूनही काही कळणार नाही. तरी त्या रात्री साडेनऊला मी गच्चीवर उभा असेन. इतक्या जुन्या घराण्याला निरोप द्यायला कुणीतरी असावे.

(पुढील लेखांकात : सूर्यग्रहणांची घराणी)